ईसीजी घड्याळाच्या नावाखाली झालेली फसवणूक

'घरबसल्या ईसीजी' अशी जाहिरात करून फेसबुकवर अडीच-तीन हजारांची घड्याळं विकली जातायत. असंच एक आमच्या घरी आलं. घरात हृदयाचा पेशंट असेल तर हे शेवटपर्यंत वाचा.

माझ्या सासूबाईंना मधूनच धडधड व्हायची. दवाखान्यात पोचेपर्यंत ती थांबलेली असायची, त्यामुळे तिथला ईसीजी नॉर्मलच यायचा. डॉक्टरांना शंका होती एट्रियल फिब्रिलेशनची. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. ठोके वेडेवाकडे पडतात, आत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. वेळेत कळलं तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी तो बराच कमी करता येतो. म्हणून ते म्हणाले, धडधड चालू असतानाच घरी रेकॉर्डिंग मिळालं तर बरं.

जाहिरातीत पांढरा कोट घातलेला माणूस छान मराठीत हेच सगळं समजावत होता. 2,499 रुपये, कॅश ऑन डिलिव्हरी, पसंत नसल्यास पैसे परत.

घड्याळ मनगटावर बांधलं की लगेच स्क्रीनवर ईसीजीची रेघ धावायची आणि खाली 'नॉर्मल'. एका संध्याकाळी आईंना धडधड सुरू झाली, घाम आला. मी नाडी धरली. दोन ठोके लागोपाठ, मग खंड, मग तीन-चार भराभर. घड्याळावर मात्र 74, नॉर्मल, आणि रेघेतले सगळे उंचवटे एकसारख्या अंतरावर. आई म्हणाल्या, "अगं, मशीन नॉर्मल दाखवतंय ना, मग कशाला दवाखाना?" मला आजही याचाच सगळ्यात जास्त राग येतो. घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाला खोटा धीर देऊन हे लोक घरी बसवतात. आम्ही आईंचं न ऐकता त्यांना नेलं, तेव्हा धडधड चालूच होती आणि दवाखान्यातल्या बारा लीडच्या, म्हणजे हृदयाकडे बारा बाजूंनी बघणाऱ्या, ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन स्पष्ट आलं.

परत आल्यावर मी ते घड्याळ गुंडाळलेल्या टॉवेलला बांधलं. 71, नॉर्मल, तीच रेघ. हिरव्या दिव्यावर नाडी मोजणारी चांगली घड्याळंही टॉवेलवर कधीकधी आकडा दाखवतात, तेवढ्यावरून कुणाला खोटं ठरवू नये. पण ईसीजीची रेघ टॉवेलमधून निघूच शकत नाही. ईसीजी म्हणजे हृदयातल्या विजेची नोंद. ती जेमतेम एखाद्या मिलिव्होल्टची असते आणि मोजायला शरीरावर किमान दोन वेगळ्या जागी स्पर्श लागतो, हृदयाच्या दोन बाजूंना. म्हणून ॲपलच्या घड्याळात दुसऱ्या हाताचं बोट क्राउनवर, म्हणजे कडेच्या गोल बटणावर, 30 सेकंद टेकवावं लागतं, आणि कार्डिया नावाच्या ईसीजी यंत्राच्या पट्टीवर दोन्ही हातांची बोटं ठेवावी लागतात. दुसरा हात न लावता नुसत्या मनगटावरून जे घड्याळ ईसीजी 'काढतं', ते खरा ईसीजी दाखवत नसतं, नुसतं बनावट चित्र दाखवत असतं.

आमच्या घड्याळाला कडेला एक चकचकीत बटण होतं, इलेक्ट्रोड म्हणून, म्हणजे शरीरातली वीज टिपणारा धातूचा भाग म्हणून. शेजारचा मुलगा मोटार वायंडिंगचं काम करतो. त्याने मल्टिमीटरच्या दोन्ही पिना त्या बटणावर टेकवल्या. बीप नाही. मग नखाने खरवडलं तर चंदेरी रंग निघाला. "वैनी, हे निव्वळ प्लास्टिक आहे, यातनं करंट जाणारच नाही."

पैसे परत मागितले तर व्हॉट्सॲपवर उत्तर आलं, 'मॅडम, पेशंटची स्किन कोरडी असेल.' मग रिफंडसाठी क्यूआर कोड पाठवून स्कॅन करून पिन टाकायला सांगितलं. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की आपलेच जातात. मी टाकला नाही, मग नंबर ब्लॉक.

घ्यायचंच असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, ते कुठल्या यंत्राचं रेकॉर्डिंग ग्राह्य धरतात ते. 1 एप्रिल 2020 पासून अशी यंत्रं आपल्याकडे औषधांच्या कायद्याखाली येतात. खोक्यावर उत्पादन किंवा आयात परवान्याचा क्रमांक आणि कंपनीचा पूर्ण पत्ता बघा. आमच्या खोक्यावर यातलं काहीच नव्हतं.

खरं यंत्रही नीट वापरलं नाही तर रेघ बिघडते. आता आम्ही आईंना खुर्चीत बसवतो, हात टेबलावर सैल ठेवायला लावतो, बोटं कोरडी असतील तर जराशी ओलसर करतो, आणि 30 सेकंद बोलू देत नाही. रेकॉर्डिंग ज्या फोनवर घेतो तो चार्जरला लावलेला असेल तर काढतो, नाहीतर घरातल्या विजेची बारीक थरथर रेघेत उतरते. आणि छातीत दुखत असेल तर रेकॉर्डिंग काढत बसायचं नाही, सरळ 108. घरच्या अशा एका लीडच्या, म्हणजे एकाच बाजूने बघणाऱ्या, यंत्राला हार्ट अटॅक ओळखता येत नाही.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन करा. खोकं, कुरियरची पावती, जाहिरातीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. नंबर ब्लॉक झाला की जाहिरातही गायब होते, त्यामुळे स्क्रीनशॉट भांडण सुरू व्हायच्या आधीच घ्या.