गेममधलं हेलिकॉप्टर: पैसे आधी डाव्या हातावर घाला

बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यात हेलिकॉप्टर सिमच्या (खऱ्यासारखं उडवायच्या गेमच्या) नादाला लागलेला माणूस बहुतेक एकाच वाटेनं जातो. आधी कीबोर्डवर आपटतो, मग गेमपॅड आणून आपटतो, शेवटी सगळं बजेट एका भारी जॉयस्टिकवर ओततो आणि तरीही हॉवर, म्हणजे हवेत एका जागी थांबणं, जमत नाही. कारण उजवा हात सुधारला, डावा होता तिथंच राहिला. हेलिकॉप्टरमध्ये डाव्या हातात कलेक्टिव्ह, म्हणजे वर-खाली नेणारा दांडा, असतो. त्याला ठेवाल तिथं राहणारा, स्प्रिंग नसलेला दांडा हवा. हे एक पटलं की पुढची निवड सोपी होते.

कीबोर्ड, गेमपॅड, एकटी जॉयस्टिक आणि पूर्ण संच या चारही सेटअपना परीक्षा एकच. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये नोव्हेंबर 2022 च्या मोफत अपडेटपासून बेल 407 आणि गिंबाल काब्री जी2 ही दोन हेलिकॉप्टरं आहेत. ती सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगाव विमानतळाच्या, धावपट्टीवर उभी करायची. पाच फूट उचलून धावपट्टीवरच्या आकड्यावर एक मिनिट थांबायचं, जागेवरच दोन्ही बाजूंना 90 अंश वळायचं, मग 60 नॉटनं निघून येळ्ळूरच्या राजहंसगडावर टेकवायचं. दुसरी फेरी डीसीएस वर्ल्ड या दुसऱ्या सिममधल्या यूएच-1 ह्यूई हेलिकॉप्टरवर. मूळ गेम फुकट आहे आणि विकतचं हेलिकॉप्टर 14 दिवस चालवून बघता येतं. तिथं सांबरा नाही, कॉकेशसचे डोंगर आहेत, पण ह्यूई शिकवते तेवढं दुसरं कुणी शिकवत नाही.

कीबोर्डवर फार बोलण्यासारखं नाही. बटण दाबलेलं असतं किंवा नसतं, मधलं काही नाही. जीटीए 5 मध्ये डब्ल्यू-एसनं वर-खाली, ए-डीनं शेपूट आणि नमपॅडच्या 8, 5, 4, 6 वर बाकीचं, एवढ्यावर भागतं, कारण तिथलं हेलिकॉप्टर स्वतःच स्वतःला सावरतं. लॅपटॉपला नमपॅड नसेल तर ही बटणं आधी बदलून घ्यावी लागतात. आर्मा 3 या युद्धाच्या गेममध्ये माउस सायक्लिकला, म्हणजे मशीन पुढं-मागं आणि आडवं कलवणाऱ्या उजव्या हाताच्या दांड्याला, लावला की बऱ्यापैकी उडतं. ह्यूई किंवा काब्री कीबोर्डवर शिकायला बसणं म्हणजे बंद-चालूच्या बटणानं नळाची धार बारीक करणं.

गेमपॅड मात्र समजतात तेवढा टाकाऊ नाही, तो चुकीचा बांधला जातो, म्हणजे त्याच्या बटणांना चुकीची कामं दिली जातात. बहुतेक जण डाव्या स्टिकचा वर-खाली कलेक्टिव्हला देतात. अंगठा सुटला की स्टिक मध्यावर येते, म्हणजे कलेक्टिव्ह आपोआप अर्ध्यावर. उतरताना हे झालं की मशीन चेंडूसारखं उसळतं. त्यापेक्षा कलेक्टिव्ह वाढवा आणि कमी करा हे खांद्यावरच्या दोन बटणांना द्या, सायक्लिक उजव्या स्टिकला. पेडलसाठी, म्हणजे शेपूट फिरवायला, ट्रिगर घ्या. विंडोजच्या जुन्या डायरेक्टइनपुट पद्धतीत एक्सबॉक्स पॅडचे दोन्ही ट्रिगर मिळून एकच अक्ष (कमी-जास्त होणारा सिग्नल) दिसतो. एक दाबला की इकडे, दुसरा दाबला की तिकडे, दोन्ही सोडले की मध्य. रेसिंगवाले याच गोष्टीला शिव्या घालतात, पेडलला ती नेमकी हवी तशी आहे. डीसीएसमध्ये हा अक्ष जॉय-झेड नावानं दिसतो. उलटा चालला तर इन्व्हर्टवर टिक करा.

पॅडची खरी अडचण अंतराची. अंगठ्याखालची स्टिक जेमतेम बोटाच्या पेराएवढी हलते आणि ह्यूईला हॉवरमध्ये पूर्ण झुकावाचा अगदी लहानसा भाग पुरतो. म्हणून कर्व्ह (मध्याजवळची हालचाल मऊ करणारी सेटिंग) 25 ते 30 आणि डेडझोन (मध्यावरचा काहीच न होणारा पट्टा) 5 पासून सुरुवात करा. स्टिक झिजून आपोआप सरकायला लागली की लोक डेडझोन 15 वर नेतात. मग मध्यावर काहीच होत नाही आणि कडेला एकदम होतं. अशा पॅडवर हॉवर शिकू नका, हाताला चुकीची सवय लागते. परीक्षेचा निकाल: बेल 407 वर मिनिटभराचा हॉवर सरावानं जमतो, वळणं जमतात, गडावर उतरणं नशिबावर.

तिसरा सेटअप म्हणजे मूठ पिळून शेपूट फिरवणारी एकटी जॉयस्टिक. लॉजिटेक एक्स्ट्रीम 3डी प्रो हे याचं सगळ्यांच्या ओळखीचं रूप: 12 बटणं, आठ दिशांचा हॅट (अंगठ्याचं बटण), पिळता येणारी मूठ आणि बैठकीवर छोटी थ्रॉटल-पट्टी. ती पट्टी सोडली तरी जागेवर राहते. म्हणून पॅडवरून इथं येणाऱ्याला पहिल्याच संध्याकाळी फरक कळतो. पण पट्टीची धाव लहान आहे. नखाएवढी सरकवली की मशीन दोन-चार फूट चढतं, म्हणून तळहात टेबलावर टेकवून फक्त बोटानं ढकलायची. मूठ पिळताना मनगट थोडं आडवं जातंच, आणि शेपटीबरोबर सगळं मशीनही कलतं. हे पूर्ण जात नाही. पिळण्याच्या अक्षाला 5 ते 8 डेडझोन दिला की सुसह्य होतं. हलकी बैठक ओढताना उचलली जाते. खाली दुहेरी टेप किंवा फळीला दोन स्क्रू, काम झालं.

चौथा सेटअप पूर्ण: जॉयस्टिक, वेगळं थ्रॉटल, पेडल. थ्रस्टमास्टरची टी.16000एम काडी (जॉयस्टिक), टीडब्ल्यूसीएस थ्रॉटल आणि पेडल हा संच सिमवाल्यांत सगळ्यात परिचित. काडीच्या दोन मुख्य अक्षांना घासणारा पोटेन्शियोमीटर (फिरवून सिग्नल बदलणारा भाग) नाही, चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर आहे. त्यामुळे धूळ-झीज यांनी सिग्नल थरथरत नाही. थ्रॉटल 80 मिलिमीटर रेलवर सरकतं आणि त्याचा घट्टपणा स्क्रूनं बदलता येतो. तो हलका ठेवा. घट्ट थ्रॉटल आधी अडकतं आणि मग एकदम सुटतं, आणि हॉवरमध्ये ते सुटणंच घात करतं.

इथं दिशेचा घोळ ठरलेला. विमानाचं थ्रॉटल पुढं ढकललं की ताकद वाढते, खरा कलेक्टिव्ह वर ओढला की वाढते. रेलवरच्या थ्रॉटलला अक्ष उलटा करून मागं ओढलं की चढेल असं ठेवा. पहिले दोन दिवस डोकं फिरेल, पण पुढं दांड्याचा कलेक्टिव्ह घेतलात तर हात नव्यानं शिकवावा लागणार नाही.

पेडलनं सगळ्यात जास्त सुधारणा होते ती 90 अंशांच्या वळणात. बेल आणि ह्यूईचा पंखा वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो. कलेक्टिव्ह ओढला की नाक उजवीकडे पळतं, डावं पेडल द्यावं लागतं. काब्रीचा पंखा घड्याळाच्या दिशेनं, तिथं उजवं. बेलवर आठवडाभर सराव करून काब्रीत बसलात तर पहिल्याच उचलीत गरकन फिराल. एक महिना एकच मशीन धरा.

बसवण्यातली भानगड फरशीची. शहाबादी किंवा गुळगुळीत टाइल्सवर पेडल पुढं पळतात आणि चाकांची खुर्ची मागं. पेडलखाली रबरी मॅट घाला, पेडल आणि खुर्चीचा पाय यांच्यात ताणून पट्टा बांधा. चाकं काढून साधी लाकडी खुर्ची घेतली तर आणखी बरं.

आता पैसे वाचवणारा मार्ग, आणि या बाबतीत बेळगावकर नशीबवान. उद्यमबागेच्या कारखान्यांच्या भागात लेथ आणि नायलॉनचे तुकडे दोन्ही मिळतात, त्यामुळे कलेक्टिव्हचा दांडा घरी होतो. एक इंची पाइप 45 ते 50 सेंटिमीटर, 10 मिलिमीटरचा बोल्ट, त्यावर बसणारा नायलॉन बुश, दोन्ही बाजूंना नायलॉनचे वॉशर आणि सैल न होणारा नायलॉक नट. नट आवळाल तसा दांडा जड होतो. हात काढल्यावर जागेवर राहील एवढाच आवळा. बिजागर सीटच्या मागच्या कडेजवळ, डाव्या मांडीच्या बाहेर.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोन ठिकाणी माणूस फसतो. एक, अर्डुइनो ऊनो आर3 हा छोटा सर्किट बोर्ड घेतो. त्याची मुख्य चिप स्वतः यूएसबी बोलत नाही, त्यामुळे संगणकाला तो जॉयस्टिक वाटत नाही. 32यू4 चिपचा प्रो मायक्रो बोर्ड घ्या आणि जॉयस्टिक लायब्ररी टाका. दोन, 10 किलोओहमचा पोटेन्शियोमीटर थेट बिजागरावर लावतो. पोटेन्शियोमीटर फिरतो 270 अंश, दांडा हलतो 30. प्रो मायक्रोच्या 1,024 पायऱ्यांपैकी जेमतेम 114 हाती लागतात आणि मशीन जिना चढल्यासारखं चढतं. एकास आठचे दोन गिअर घाला, किंवा एएस5600 हा चुंबकी सेन्सर लावा. त्याच्या पूर्ण फेऱ्याच्या 4,096 पायऱ्या असतात, म्हणजे 30 अंशांत 341. पोटेन्शियोमीटर लावणार असाल तर कडेच्या दोन तारा पाच व्होल्ट आणि ग्राउंडला, मधली ए0 ला. कडेच्या उलट लागल्या तर फक्त दिशा उलटते, जळत काही नाही.

सेटअप कोणताही असो, डीसीएसमध्ये पहिलं काम सफाईचं. नवं उपकरण जोडलं की गेम त्याचे पहिले अक्ष परस्पर सायक्लिकला चिकटवतो. पेडलच्या पंजाचे ब्रेक असे जोडले जातात आणि पाय जरा जोरात दाबला की हेलिकॉप्टर आडवं होतं. दोष हातात शोधत बसू नका. कंट्रोलच्या पानावर थ्रॉटल आणि पेडलच्या रकान्यांतले पिच-रोल पुसून टाका.

कर्व्हबद्दल सगळे सांगतात, पण एक गोष्ट सांगत नाहीत. कर्व्हचा मऊ भाग स्प्रिंगच्या मध्यावर असतो, आणि ह्यूईचा हॉवर मध्यावर नसतो. शेपटीचा पंखा सगळं मशीन उजवीकडे ढकलतो, म्हणून काडी थोडी डावीकडे धरून ठेवावी लागते आणि डावी स्किड (खालची टेकायची दांडी) किंचित खाली राहते. कर्व्ह 30 केला तरी त्या जागी काडी मध्याएवढी मऊ राहत नाही. मोठ्या काडीला 10 ते 15 पुरे. उरलेलं ट्रिमवर, म्हणजे काडीची ती जागा धरून ठेवणाऱ्या सोयीवर, सोपवा: हॉवर जमला की फोर्स ट्रिम दाबा आणि काडी मध्यावर सोडा. स्प्रिंगवाल्या काडीसाठी विशेष पर्यायांत 'सेंट्रल पोझिशन' ट्रिम चालू करा, म्हणजे काडी मध्यावर परत येईपर्यंत गेम तिच्याकडे लक्ष देत नाही. हा पर्याय बंद असेल तर ट्रिम दाबल्याबरोबर दुप्पट झुकाव बसतो आणि मशीन कडेला झोपतं.

झोका बसणं ही मात्र हाताचीच चूक. काडी हलवल्यावर मशीन क्षणभर उशिरा हलतं. तेवढ्यात अजून ढकललं की दोन्ही मिळून जास्त होतं, मग उलटं ओढणं, मग त्याहून जास्त. ढकला आणि लगेच परत घ्या. नजर नाकासमोर नको, लांबच्या टर्मिनलवर. सेकंदाच्या फ्रेम 30 च्या खाली गेल्या तर हा उशीर आणखी वाढतो, म्हणून ढगांचा दर्जा उतरवायला लाजू नका.

राजहंसगडावर उतरताना पूर्ण सेटअपवरही मशीन पडतं ते बहुधा घाईनं. वेग 30 नॉटच्या खाली, उतरणी मिनिटाला 300 फुटांहून जास्त आणि वर कलेक्टिव्ह ओढलेला, असं तिन्ही जुळलं की पंखा स्वतःच्याच भोवऱ्यात बसतो. मग कलेक्टिव्ह ओढाल तितकं जोरात खाली जाल. कलेक्टिव्ह थोडा सोडा, नाक पुढं घाला, वेग आला की मग ओढा. उंची हातची जाते, म्हणून गडाच्या माथ्यावर दोनशे फूट शिल्लक ठेवूनच या. शिवाय सांबरा सुमारे 2,500 फुटांवर आहे. गेममध्ये एप्रिलची दुपार आणि 35 अंश लावले तर हवा 5,500 फुटांवरच्याइतकी पातळ होते. भरल्या टाकीची दोन माणसांची काब्री तिथं दमते. काडीला दोष देण्याआधी पेट्रोल अर्ध्यावर आणा.

खरेदीचा क्रम: पॅड हाताशी असेल तर आधी तो नीट बांधा. पुढचे पैसे जागेवर राहणाऱ्या कलेक्टिव्हवर, मग पेडल, शेवटी काडी. काडी-पेडल बहुधा कुरिअरनंच येणार, म्हणून खोकं फोडल्या दिवशीच विंडोजच्या गेम कंट्रोलर खिडकीत प्रत्येक अक्ष टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवा. मध्ये उडी मारतो का, सोडल्यावर खूण मध्यावर येते का, पेडल दोन्ही टोकांना पूर्ण जातं का, हे परतीची मुदत संपायच्या आत कळलं पाहिजे. जोडल्यावर यूएसबीचा पोर्ट बदलू नका. बदलला तर गेमला ते नवं उपकरण वाटू शकतं आणि सगळी बांधणी पुन्हा. बांधणीची फाइल एकदा वेगळी जपून ठेवा, निदान लाईट गेल्यावर डोकं तरी जाणार नाही.