उचलणाऱ्याचा खिसा की करणाऱ्याचा?

१९९५ साली भारतात मोबाइल आला तेव्हा फोन करणाराही पैसे देई आणि उचलणाराही. दर मिनिटाला १६ रुपयांच्या घरात. त्यामुळे फोन वाजला की लोक आधी नंबर बघायचे, मग कट करून कोपऱ्यावरच्या पीसीओकडे चालायचे. या पद्धतीत एक साधेपणा मात्र होता: प्रत्येक मोबाइल कंपनी आपल्याच ग्राहकाकडून पैसे घेई, फोन उचलण्याचेही.

दुसरी पद्धत, म्हणजे फोन करणाऱ्यानेच भरायचे. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ती आधीच आणू पाहिली, पण लँडलाइनवाल्या सरकारी कंपन्यांना ती नको होती. प्रकरण कोर्टात अडकलं. अखेर मे २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. रिक्षावाला, प्लंबर, भाजीवाला यांच्या हातात फोन आला तो त्यानंतर. मिस्ड कॉल ही आपली खास भाषाही इथेच बहरली: एक रिंग, म्हणजे 'खाली ये'.

पण इथे वाटणीचं भांडण आलं. ज्या कंपनीचा ग्राहक फोन उचलतो तिला फोन करणाऱ्याच्या कंपनीने किती द्यायचं? हा दर २०१५ मध्ये मिनिटाला १४ पैसे होता, ऑक्टोबर २०१७ पासून ६, आणि जानेवारी २०२१ पासून शून्य. जुन्या कंपन्यांना तो हवा होता, नव्याने आलेल्या जिओला नको. खरं राजकारण या पैशांतच होतं.

माझं मत दुसऱ्या पद्धतीला, फक्त हा वाटणीचा दर आणखी आधी उतरायला हवा होता.