राहतं घर मुलांना द्यायचंय: बक्षीसपत्र की मृत्युपत्र?

"नंतर धावपळ नको, आत्ताच नावावर करून टाका," असा आग्रह झाला की आईवडील बक्षीसपत्राला तयार होतात. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडांना दिलं तर मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये; नोंदणीचे बाकी आकार वेगळे. पण नोंदणी झाली की मालकी गेली. उद्या मन बदललं तरी एकतर्फी रद्द करता येत नाही.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच, आणि ज्याला घर मिळणार त्यालाच साक्षीदार करू नये. हयात असेपर्यंत ते कितीदाही बदलता येतं. भाऊबंदकी असेल तर नंतर कोर्टात आव्हान मिळू शकतं, हा धोका खरा.

तरी डोक्यावरचं एकुलतं एक छप्पर असेल तर मी मृत्युपत्रच सुचवेन. बक्षीसपत्र करायचंच असेल, तर "देणाऱ्याचा सांभाळ करावा" ही अट त्यातच लिहून घ्या. मग सांभाळ झाला नाही, तर साठी ओलांडलेल्या आईवडिलांना 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे ते रद्द करून मागता येतं.