झाडांना धक्का न लावता चेरी श्रिंप पकडायचा ट्रॅप

प्लांटेड टँकमधले, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेल्या काचेच्या टाकीतले, जास्तीचे चेरी श्रिंप (गोड्या पाण्यातल्या छोट्या लाल कोळंब्या) जाळीने काढणं मी बंद केलंय. जाळी आत गेली की श्रिंप शेपटीच्या एका झटक्यात मागे उडून थेट मॉसमध्ये (पाण्यातल्या शेवाळासारख्या दाट वनस्पतीत) शिरतात, आणि त्यांच्यामागे हात घातला की तळाशी गालिच्यासारखी पसरावीत म्हणून नव्याने लावलेली कार्पेटची रोपं उपटून वर येतात. म्हणून कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारातून पारदर्शक प्लास्टिकचा ट्रॅप आणला. छोटी नळी, एका टोकाला नरसाळ्यासारखं तोंड, कडेला हवा-पाण्यासाठी बारीक फटी. किंमत अडीचशे रुपये. पैसे पुरेपूर वसूल.

आदल्या दिवशी श्रिंपचं खाणं बंद ठेवायचं, मग उकळत्या पाण्यातून काढलेली काकडीची चकती किंवा पालकाचं पान आत घालायचं. दिवे मालवल्यावर तासाभरात गर्दी होते. पिल्लं फटींतून बाहेर निघून जातात, हे मला फार आवडलं. रात्रभर मात्र ट्रॅप ठेवू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात टाकीचं पाणी तिशीला टेकतं, तेव्हा त्यात प्राणवायू मुळातच कमी असतो. त्यात बंद नळीत दाटीवाटी आणि सडू लागलेली काकडी.

खरं काम पुढचं आहे, निवडण्याचं: चांगल्या रंगाचे टाकीत ठेवायचे, फिके वेगळे काढायचे. पकडलेले श्रिंप घाबरून फिके पडतात, पांढऱ्या भांड्यात तर अजूनच. तेव्हाच फिके म्हणून वेगळे काढले तर चांगल्या रंगाचेही हातचे जातात. मी टाकीच्याच पाण्याने भरलेल्या काळ्या टबात मॉसचा पुंजका टाकून त्यांना निवांत ठेवते आणि रंग परतला की मग बघते. नर मुळातच बारीक आणि फिकट असतात, त्यामुळे नराची तुलना नराशीच करायची. नाहीतर सगळे नर बाहेर आणि टाकीत नुसत्या माद्या. तपकिरी किंवा पारदर्शक निघालेले आधी वेगळे करते. अंड्यांवर आलेली मादी पहिल्यांदा परत सोडते, कारण ताण पडला की ती अंडी टाकून देते. तिच्या पोटाखाली एका वेळी 20-30 अंडी असतात आणि पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात, म्हणून ही निवड अधूनमधून करावीच लागते.

ट्रॅपमध्ये दोन उणिवा आहेत. सक्शन कप फार कमजोर आहे, सुटला की नळी तरंगत वर येते; मी आत एक धुतलेला गोटा ठेवते. दुसरं, गोगलगायी श्रिंपच्या आधी काकडीवर पोचतात. तोंड थोडं अरुंद असतं तर मोठ्या तरी बाहेर राहिल्या असत्या.

वेगळे काढलेले श्रिंप मी ओळखीच्या हौशी लोकांना देते. ते तळ्यात किंवा ओढ्यात मुळीच सोडू नयेत, ही जात आपल्याकडची नाही, पूर्व आशियातली आहे. ट्रॅप धुताना साबण लावू नका, नुसतं साधं पाणी पुरतं.