पुन्हा उभे राहणारे आमचे नगरसेवक: कारकिर्दीचा अनुभव आणि एका गटाराची पातळी

आमच्या प्रभागाचे नगरसेवक पुन्हा उभं राहायच्या तयारीला लागलेत. त्यांचं चार पानी कार्यपत्रक घरोघरी पोचलं. त्यात 'पूर्ण झालेली कामं' म्हणून आमच्या गल्लीचं सीसी (सिमेंट काँक्रीटचं) गटार मोठ्या अक्षरात छापलंय. तेच गटार पहिल्या मोठ्या पावसात तुंबलं, पाणी उलटं फिरलं आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये शिरलं. मागाची मोटर जमिनीपासून वीतभर उंचीवर असते. पाणी तिथवर गेलं की वाइंडिंगचा खर्च आलाच, शिवाय खाली ठेवलेलं सूत वाया. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितोय. नाव, पक्ष आणि प्रभाग नंबर मुद्दाम टाळलाय. बेळगावात वडगाव-शहापूरच्या बाजूचा प्रभाग, एवढं पुरे.

बेळगाव महापालिकेचे ५८ प्रभाग, सप्टेंबर २०२१ चं मतदान, राष्ट्रीय पक्षांनी आपापल्या चिन्हांवर लढवलेली निवडणूक, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मुदतीचा हिशेब नीट मांडायला हवा. मतदान ३ सप्टेंबर २०२१ ला झालं आणि महापौर-उपमहापौरांची निवड थेट ६ फेब्रुवारी २०२३ ला. राज्यघटनेप्रमाणे सभागृहाची पाच वर्षं पहिल्या बैठकीपासून मोजतात, निकालापासून नव्हे. मधले सतरा महिने निवडून आलेला माणूस होता, पण सभागृह नव्हतं. त्या काळातली कामं झाली नाहीत म्हणून त्यांना दोष देत नाही. जे लिहितोय ते त्यानंतरचं.

परिचय पत्रकात आहे तोच: वाणिज्य पदवीधर, सिमेंट-सळईचं दुकान, गणेशोत्सव मंडळाचं अध्यक्षपद, पतसंस्थेचं संचालकपद. माणूस भेटतो, फोन उचलतो, मयतीला आणि लग्नाला येतो. आपल्याकडे एवढ्यावर मतं मिळतात. मला त्यातला दुकानाचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. पालिकेच्या ठेक्यात नगरसेवकाचा हितसंबंध असेल तर कर्नाटक महानगरपालिका कायदा १९७६ च्या २६ व्या कलमाखाली सदस्यत्व जाऊ शकतं. त्यांच्यावर कसलाही आरोप नाही. पण प्रभागातल्या ठेकेदारांना त्यांच्या दुकानातून माल जातो का, हे त्यांनी स्वतःहून जाहीर करावं. मालमत्तेचं विवरण दरवर्षी द्यावंच लागतं, त्याच्यासोबत ही एक ओळ लिहायला काही जड नाही.

दिवाबत्तीचं काम चांगलं. खांबाचा नंबर कळवला की दोन-तीन दिवसांत दिवा लागतो. कचरागाडी वेळेवर येते. ओला-सुका वेगळा न करणाऱ्यांना ते स्वतः बोलतात, मतं जातील म्हणून कचरत नाहीत. याचे गुण पूर्ण द्यायचे.

आता गटार.

गल्ली साधारण १२० मीटर लांब. गटार ४५ सेंमी रुंद, ६० सेंमी खोल. वरून पाहिलं तर काम देखणं: काठ सरळ, गिलावा गुळगुळीत, लाद्या एकसारख्या. दोष तळात आहे. बेळगावला वर्षाला १,२०० ते १,३०० मिमी पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. आमच्या बाजूला काळी माती, पाणी जिरत नाही, सगळा भार गटारावर आणि पुढे बळ्ळारी नाल्यावर. अशा ठिकाणी २०० मीटरला १ मीटर उतार धरला तर १२० मीटरला ६० सेंमी उतार हवा. जागा सपाट असेल तर ३०० ला १ चालेल, म्हणजे ४० सेंमी. त्याहून कमी केलं की पाण्याला गाळ ओढून न्यायचा जोर राहत नाही आणि गाळ तिथेच बसतो.

पातळी तपासायला इंजिनिअर लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्यायची, दोन्ही टोकं उभी धरूनही २० मीटर अंतर गाठेल इतकी लांब. पाणी भरताना आत हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, नाहीतर माप खोटं येतं. दोन्ही टोकं काठ्यांना बांधून गटारात उभी धरायची, पाणी स्थिर होऊ द्यायचं आणि दोन्हीकडे पाण्याच्या रेघेपासून तळापर्यंत टेप लावायचा. खालच्या टोकाचं माप जितकं जास्त, तितका उतार. मग वरची काठी पुढे न्यायची. असे सहा टप्पे केले की १२० मीटर पुरे होतात. मोजण्याआधी गाळ खरवडून खरा तळ उघडा करायचा, हे विसरू नये.

आमच्या गटाराची मापं अशी निघाली: वरच्या टोकापासून मोरीच्या, म्हणजे गटाराचं पाणी नाल्याकडे नेणाऱ्या पाइपाच्या वाटेच्या, तोंडापर्यंत एकूण उतार १२ सेंमी. म्हणजे हजाराला एक. त्यातही मधला सुमारे ४० मीटरचा पट्टा मोरीच्या तोंडापेक्षा ९ सेंमी खाली. तिथे बारा महिने ९ सेंमी पाणी उभं राहतं, पाऊस असो वा नसो. डासांची तक्रार आली की फवारणी होते आणि पाणी तिथेच राहतं.

असं का होतं? कारण काम वरच्या टोकाकडून सुरू होतं आणि घराघराच्या उंबऱ्याशी जुळवत पुढे जातं. बरोबर रीत उलटी आहे. आधी शेवटची मोरी आणि नाल्याची पातळी मोजायची, तिथून वर चढत यायचं आणि तळाच्या काँक्रीटआधी दर १० मीटरला खुंटी ठोकून दोरी बांधायची. आमच्याकडे दोरी काठाला बांधली होती, तळाला नाही. दुसरं कारण रस्त्याचं. जुना थर न खरवडता डांबर टाकलं की रस्ता दरवेळी तीन-चार सेंमी चढतो, मग गटाराचा काठ चढवतात. खोली वाढल्यासारखी दिसते, उतार होता तेवढाच राहतो. तिसरं, नळजोडणीच्या पाइपा गटाराच्या मधोमध आडव्या नेल्यात. प्लास्टिक पिशव्या तिथेच अडकतात. त्या एकतर तळाखालून न्यायच्या किंवा वर लादीला चिकटवून.

आणि चौथं, सगळ्यांत वाईट: मोरीला ३० सेंमीचा ह्यूम (काँक्रीटचा) पाइप. हिशेब करा. गटाराचं पोट ४५ गुणिले ६०, म्हणजे २,७०० चौरस सेंमी. पाइपाचं पोट सुमारे ७०० चौरस सेंमी. येतं त्याच्या जेमतेम चौथाई पाणी पुढे जाणार. जुना पाइप तसाच ठेवून त्याला नवं गटार जोडलं, बिल निघालं, पत्रकात छापलं. घरपट्टी एप्रिलमध्ये पूर्ण भरली तर ५ टक्के सूट मिळते, म्हणून लोक पदरमोड करून एप्रिलमध्ये भरतात. जुलैपासून महिन्याला २ टक्के दंड लागतो. एकेक रुपया असा वाचवून भरलेल्या पैशातून एकच गटार दोनदा बांधावं लागणार असेल तर संताप येणारच.

नगरसेवकांचं उत्तर होतं, "अंदाजपत्रक जेई (कनिष्ठ अभियंता) करतात, आम्ही फक्त निधी आणतो." हे मान्य नाही. निधी मंजूर व्हायला सभागृहाचा हात लागतो आणि काँक्रीट पडायच्या आदल्या दिवशी साइटवर उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही. भूमिपूजनाला नारळ फोडताना ते होते. तळाची दोरी बांधताना कुणीच नव्हतं. माझ्या हिशेबात नगरसेवकाचं काम त्या दुसऱ्या दिवशी असतं. तेव्हा इथपर्यंतचं मत स्पष्ट होतं: पुन्हा नको.

पुढे मात्र एक बदल झाला, तो नोंदवायलाच हवा. मापं लिहिलेला कागद त्यांच्या हातात गेल्यावर ते जेईंना घेऊन आले आणि मोरी फोडून ६० सेंमीचा पाइप घालायचं ठरलं. पाइप आला, बसला, आणि परत चूक निघाली. पाइपाच्या भिंतीची जाडीच आठ सेंमीच्या आसपास. पाइपाखालचा काँक्रीटचा बेड गटाराच्या तळाच्या पातळीला केला, म्हणजे पाइपाच्या आतला तळ आठ सेंमी वर आला. मोरीच्या तोंडाला नवा उंबरठाच तयार झाला. यावेळी त्यांनी टाळाटाळ केली नाही. पाइप उचलायला लावला, बेड तोडून खाली नेला, स्वतः टेप धरून आतल्या तळाचं माप घेतलं आणि मगच सांधे भरू दिले. ठेकेदाराला वेगळं बिल लावू दिलं नाही, दुरुस्तीच्या हमीची मुदत चालू होती. नगरसेवक हे करू शकतो, म्हणजे आधीही करू शकला असता, हा राग आहेच. पण केलं हेही खरं, आणि मत "नको"वरून "अटीवर" इथे आलं.

हमीची मुदत हा मुद्दा सगळ्या प्रभागांना लागू आहे. प्रत्येक करारात ती असते आणि ठेकेदाराची अनामत तोवर पालिकेकडे अडकलेली असते. मुदत संपली की दुरुस्ती आपल्या घरपट्टीतून. कागद मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज करायचा, १० रुपये फी. कर्नाटकात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, म्हणून लांबण लावू नये. वर्क ऑर्डर, अंदाजपत्रक, गटाराच्या लांबीचा छेद (तळाची पातळी दाखवणारा नकाशा), एम बुकची (कामाची मापं नोंदवायच्या वहीची) त्या कामाची पानं आणि हमी संपण्याची तारीख, एवढंच मागायचं. झाकलं जाणारं काम झाकण्याआधी एम बुकात नोंदवलेलं असायला हवं. तळाच्या काँक्रीटची जाडी तिथे सापडते. याच कायद्याच्या कलम २ (ञ) मध्ये कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. तो फारसं कुणी वापरत नाही.

आता त्यांच्या भूमिका. मराठी कागदपत्रांवर ते जोरात बोलतात आणि मागणी रास्त आहे. ज्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथे त्यांच्या भाषेतही कागद मिळावेत, हे कर्नाटकच्या स्थानिक संस्थांच्या राजभाषेबद्दलच्या १९८१ च्या कायद्याच्या आधारे इथले मराठी नगरसेवक वर्षानुवर्षं मागत आलेत. २००५ आणि २०११ मध्ये सभागृह बरखास्त होताना पाहिलेल्या शहरात या मागणीला किंमत मोजावी लागते, हेही लोक जाणतात. पण पत्रकार परिषदेत बोलणं वेगळं आणि सभेत लेखी प्रश्न देऊन तो इतिवृत्तात नोंदवून घेणं वेगळं. त्यांच्याकडून दुसरं कमी झालं. मराठीत अजेंडा आणि अंदाजपत्रक मिळालं असतं तर मोरीचा ३० सेंमीचा पाइप गल्लीतल्या कुणाही गवंड्याने काम सुरू व्हायच्या आधी पकडला असता. भाषेचा प्रश्न आमच्या गटारापर्यंत असा येऊन पोचतो, आणि त्यांनी तो सभागृहात असाच मांडावा.

"घरपट्टी वाढू देणार नाही" हे आश्वासन पत्रकातून काढावं. दरवर्षी ३ ते ५ टक्के वाढ हा राज्याच्या कायद्याचा भाग आहे, एकटा नगरसेवक ती थांबवू शकत नाही. चोवीस तास पाणी योजनेवर त्यांची भूमिका ठीक: पाइपलाइनचा चर १५-२० सेंमीच्या थरांत भरून, प्रत्येक थर धुमसून मगच वर डांबर. हे त्यांनी निम्म्या गल्ल्यांत करून घेतलं, निम्म्यांत चर खचलेत. प्रभाग समितीबद्दल ते गप्प आहेत. कायद्यात समिती आहे, तिचा अध्यक्ष नगरसेवकच असतो, आणि कामाची मापं तपासायला तिच्याइतकी सोयीची जागा नाही. गप्प का, याचं उत्तर प्रचाराला येतील तेव्हा मागायचं.

आरक्षण बदललं तर काय, हेही आत्ताच विचारून ठेवावं. महिलांना ५० टक्के जागा आहेत आणि आरक्षण फिरतं. प्रभाग महिला राखीव झाला तर पत्रकावर वहिनींचा फोटो येईल. त्याला हरकत नाही, पण मग साइटवर आणि सभेत त्याच आल्या पाहिजेत.

माझं मत सध्या असं. मोरी सुधारली, पण मधला ४० मीटरचा खोलगट पट्टा तसाच आहे. नुसता सिमेंटचा थर ओतून तो भरू नये, वर्षभरात पापुद्रे निघतात. तळ टाचून, जुनं काँक्रीट खडबडीत करून, धुऊन, सिमेंटची स्लरी मारून, मोरीकडे उतार धरत नवा थर द्यावा लागेल. पाइपा आडव्या आहेत तिथे त्या आधी हलवाव्यात. प्रत्येक १० मीटरला एक लादी उचलता येईल अशी, कडी लावून ठेवावी, आणि काढलेला गाळ काठावर न ठेवता त्याच दिवशी उचलावा, नाहीतर पहिल्या सरीत तो परत आत जातो. हे सगळं हमीच्या मुदतीत, पुढच्या मिरगाच्या आधी झालं तर आमच्या गल्लीची मतं त्यांना मिळावीत असं मी उघडपणे सांगेन. नाही झालं तर नळीने घेतलेल्या मापांचा कागद प्रत्येक उमेदवाराच्या हातात देणार, त्यांच्याही.