मंगळवार पेठेतील घरगुती डबा: स्वस्त, आणि रोज वेगळा

कोल्हापुरात कार्यालयापर्यंत जेवणाचा डबा पोहोचवणाऱ्या घरगुती सेवांची वानवा नाही. राजारामपुरी, शाहूपुरी, शिवाजी उद्यमनगर या भागांत दुपारी बाराच्या सुमारास दुचाकीच्या दोन्ही बाजूंना डब्यांच्या पिशव्या अडकवून जाणारी माणसे रोज दिसतात. या डब्यांविषयीची तक्रार मात्र बहुतेक ठिकाणी एकच असते: पहिला आठवडा बरा जातो, आणि मग बटाटा, कोबी, फ्लॉवर यांची फेरी सुरू होते. भाजी बदलली तरी वर तोच कांदा-लसूण मसाला आणि तोच तांबडा कट असल्यामुळे जिभेला मंगळवार कोणता आणि गुरुवार कोणता हे कळेनासे होते. मंगळवार पेठेतून शाहूपुरीतील आमच्या कार्यालयात येणारा जो डबा आम्ही काही सहकारी घेतो, तो या बाबतीत निराळा आहे. तो निराळा कशामुळे झाला आहे हे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण त्यामागची रीत घरी डबा करणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

आधी पैशांचे. पूर्ण डबा ७० रुपयांना मिळतो. त्यात दोन भाकरी किंवा तीन चपात्या, एक सुकी भाजी, एक आमटी किंवा उसळ, भात, आणि खर्डा, शेंगदाण्याची चटणी किंवा कोशिंबीर यांपैकी एक असते. अर्धा डबा ४० रुपयांना असून त्यात फक्त भाजी, उसळ आणि तोंडीलावणे येते. माझ्या मते या सेवेतली सर्वांत समंजस गोष्ट हा अर्धा डबाच आहे. सकाळी घरी भाकरी-चपाती होतच असते, अडते ते भाजीपाशी. निवडणे, चिरणे, फोडणीला टाकणे यातच कामावर निघणाऱ्याची वेळ जाते. घरची भाकरी पिशवीत टाकावी आणि भाजी इथून घ्यावी, असे आमच्यातील निम्मे लोक करतात. आसपास साध्या शाकाहारी थाळीलाही पूर्ण डब्याच्या जवळपास दुप्पट पैसे पडतात, हे लक्षात घेतले तर महिनाअखेरीस हातात राहणारी रक्कम लहान नाही.

आता मुख्य मुद्दा. स्वयंपाकघर चालवणाऱ्या काकूंचा एक नियम आहे: भाजी कोणतीही असो, कालची फोडणी आज करायची नाही. मोहरी, जिरे आणि हिंगाची साधी फोडणी एके दिवशी. हिरवी मिरची आणि ठेचलेला लसूण दुसऱ्या दिवशी. भाजलेले तीळ आणि सुके खोबरे यांचे वाटण तिसऱ्या दिवशी. दाण्याचे कूट आणि किंचित गूळ चौथ्या दिवशी. कांदा-लसूण मसाला, ज्याला आपल्याकडे नुसते चटणी म्हणतात, तो आठवड्यातून दोनदाच वापरला जातो, आणि म्हणूनच तो ज्या दिवशी येतो त्या दिवशी जाणवतो. वैविध्यासाठी महाग भाज्या आणाव्या लागतात हा समज या डब्याने माझ्यापुरता पूर्ण मोडला. गवार एकदा दाण्याच्या कुटात आणि एकदा नुसत्या लसणावर परतून खाल्ली, तर त्या दोन वेगळ्या भाज्याच वाटतात, आणि खर्चात मूठभर दाण्यांचाच काय तो फरक पडतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे मसूर. अख्खा मसूर हा कोल्हापूर-सांगलीकडचा आवडता पदार्थ. ढाब्यावर तो तेलाच्या तवंगासह येतो आणि डब्यात नेला तर झाकणातून पाझरतो. इथे तो डब्यासाठी म्हणून वेगळा केलेला असतो. कांदा बारीक चिरून चांगला तांबूस होईपर्यंत परतलेला, टोमॅटो त्यात पूर्ण विरघळलेला, मसूर शिजलेला पण अख्खा, आणि पळीभर मसूर डावानेच दाबून घोटलेला, त्यामुळे रस वेगळा न राहता दाण्यांना धरून राहतो. डबा आडवा झाला तरी थेंब बाहेर येत नाही, आणि भाकरीच्या तुकड्यावर तो नीट बसतो. पुढच्या आठवड्यात हाच मसूर मोड आणून ओल्या खोबऱ्याच्या उसळीत येतो, आणि त्यानंतर कधीतरी चिंच-गुळाच्या पातळ आमटीत. धान्य एकच, पण तीनही वेळा जेवण नवे वाटते.

स्वस्त डब्यात पोटभर स्टार्च आणि नावापुरते प्रथिन असा प्रकार सर्रास होतो, म्हणून मी तिकडे मुद्दाम लक्ष दिले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम प्रथिने लागतात. सुक्या मसुरात शंभर ग्रॅममागे जवळपास २४ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे चाळीस ग्रॅम मसुराच्या वाटीतून दहा ग्रॅमच्या आसपास मिळतात. इथली उसळीची वाटी भरलेली असते, आणि कडधान्य एकही दिवस चुकत नाही: मटकी, चवळी, हुलगे, हरभरे, पावटे. कार्यालयात बसून काम करणाऱ्याला दुपारी चारला पुन्हा वड्याच्या गाडीकडे जावे लागत नाही, याचे श्रेय मी या वाटीला देतो. बुधवारी आणि शुक्रवारी सांगितल्यास पंधरा रुपये जास्त घेऊन दोन उकडलेली अंडी रश्श्यात मिळतात. सामिष त्यापलीकडे काही नाही, आणि ते योग्यच आहे. तांबडा-पांढरा रस्सा घरी ताटात वाढून घेण्याचा पदार्थ आहे, तासभर दुचाकीवर हिंदकळत नेण्याचा नव्हे.

भाज्या कपिलतीर्थ मंडईतून येतात आणि त्या दिवशी जे स्वस्त व ताजे असेल ते डब्यात उतरते. थंडीत हा डबा सर्वांत चांगला असतो: चाकवताची ताकातली पातळ भाजी, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, सोलाण्यांची आमटी, कांद्याची पात घालून केलेला झुणका. उन्हाळ्यात कैरी किसून घातलेली वाटली डाळ आणि उडदाच्या पिठाचे ताकात कालवलेले डांगर येते. पावसाळ्यात पालेभाज्या महागतात आणि चिखलाच्या येतात, तेव्हा उन्हाळ्यात घालून ठेवलेले सांडगे बाहेर निघतात. सांडग्याची आमटी अनेक घरांतून हद्दपार होत चालली आहे. ती कार्यालयाच्या टेबलावर, स्टीलच्या डब्यात परत भेटावी याचा मला मनापासून आनंद होतो. एकादशीला सांगून ठेवले तर भगर आणि दाण्याची आमटीही मिळते.

भाकरीविषयी थोडे बारकाईने लिहितो, कारण अनेक डबा सेवा तिथेच मार खातात. ज्वारीच्या पिठाला गव्हाचा चिवटपणा नसतो, आणि भाकरी थंड होत गेली की तिच्यातील स्टार्च घट्ट होऊन ती कडक पडते. इथे पीठ उकळत्या पाण्यात भिजवून, चांगले मळून भाकरी थापतात आणि तव्यावरून काढल्यावर वाफ जाऊ देऊन मगच सुती फडक्यात गुंडाळतात. गरम भाकरी तशीच डब्यात कोंबली तर खालची बाजू ओली होते आणि वरची वातड. फडक्याने दोन्ही टळते. दीड वाजताही ती हाताने सहज मोडते. चपाती मात्र साधारणच आहे, तेल लावूनही कडेला कोरडी पडते, म्हणून भाकरी खाणाऱ्याने चपातीच्या वाटेला जाऊ नये.

उणिवा आहेत, आणि त्या सांगायला हव्यात. शनिवारी ‘स्पेशल’ म्हणून १०० रुपयांचा पनीरचा डबा असतो. तो घेऊ नये. काजूच्या नावाखाली गोडसर झालेला रस्सा, मोजके पनीरचे तुकडे आणि सोबत तीच चपाती. ज्या हाताने हुलग्याची उसळ इतकी सुरेख होते, त्याच हाताला हा पदार्थ मानवत नाही, आणि तीस रुपये जास्त मोजून आपण कमी चांगले जेवतो. भाताचे प्रमाण कमी आहे आणि तो बहुतेक वेळा दामटलेला असतो. आजरा घनसाळसारखा सुवासिक तांदूळ या किमतीत मागणे अवाजवी होईल, पण मोकळा भात मागणे अवाजवी नाही. जोराच्या पावसात डबा अर्धा-पाऊण तास उशिराने येतो, आणि तशी आगाऊ सूचना मिळत नाही.

उशिराचा प्रश्न केवळ भुकेचा नाही. शिजवलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या खाली कोमट अवस्थेत फार वेळ राहिले की त्यात जंतू वाढू लागतात, आणि भात त्याला विशेष बळी पडतो. म्हणून उन्हाळ्यात डबा आला की लगेच जेवावे, दुपारी तीनपर्यंत खिडकीत ठेवू नये. ज्यांची जेवणाची वेळ निश्चित नसते त्यांनी भात नको म्हणून आधीच सांगावे आणि त्याऐवजी एक भाकरी जास्त घ्यावी. ही बदली विनातक्रार करून मिळते. स्वयंपाकघराची अन्नसुरक्षा नोंदणी आहे आणि तिचा चौदा अंकी क्रमांक महिन्याच्या पावतीवर छापलेला असतो. घरगुती डबा घेणाऱ्या प्रत्येकाने हा क्रमांक मागून पाहावा असे मी आग्रहाने म्हणेन, कारण अनेक ठिकाणी त्याची चौकशीच कोणी करत नाही.

डबे स्टीलचे, तीन पुडांचे आहेत आणि त्यांच्या झाकणाच्या रबरी रिंगा वेळेवर बदललेल्या असतात. सुरुवातीला ३०० रुपये अनामत द्यावी लागते, ती सेवा थांबवताना परत मिळते. आदल्या रात्री आठपर्यंत निरोप दिला तर दुसऱ्या दिवसाचे पैसे लागत नाहीत. नव्याने सुरू करणाऱ्याने थेट महिन्याचे पैसे भरण्याऐवजी आठवडाभर अर्धा डबा घ्यावा, सोबत घरची भाकरी न्यावी, आणि त्या आठवड्यात अख्खा मसूर कोणत्या दिवशी आहे ते काकूंना फोन करून विचारून ठेवावे.