८५ हजारांची 'गिब्सन लेस पॉल'

गिब्सन या अमेरिकी कंपनीची नवी लेस पॉल स्टँडर्ड ही इलेक्ट्रिक गिटार आज भारतात साधारण अडीच-तीन लाखांच्या घरात जाते, आणि वापरलेली पण सुस्थितीतली गिटारही लाखाच्या आत क्वचितच मिळते. त्यामुळे कोणी ती वीस हजारांना देऊ केली, तर वाजवणारा माणूस हसून पुढे जाईल. मला ती ८५ हजारांना देऊ करण्यात आली, आणि फसवणुकीची सगळी करामत या आकड्यातच होती. संशय यावा इतका तो लहान नाही, विचारच सोडून द्यावा इतका मोठाही नाही. शिवाय दोन-तीन वर्षे पगारातून थोडे थोडे बाजूला टाकणाऱ्याच्या शिलकीच्या तो अगदी जवळ आहे. विकणाऱ्याला हे गणित पक्के ठाऊक होते.

माझ्यासारख्या अनेकांची बोटे कोलकात्यात बनणाऱ्या गिवसन या देशी गिटारवर घडली. त्या स्वस्त आणि कणखर वाद्याने आपल्याकडच्या कित्येकांना पहिले कॉर्ड शिकवले. अशा माणसाच्या मनात लेस पॉलचे स्थान काय असते, हे वेगळे सांगायला नको. १९५२ साली बाजारात आलेली ही गिटार १९५७ पासून गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी घडवलेल्या हंबकर पिकअपसह (पिकअप म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग, हंबकर हा त्याचा गुणगुण दाबणारा प्रकार) मिळू लागली, आणि तिचा तो भरदार, लांबत जाणारा आवाज पुढच्या सगळ्या रॉक संगीतात मुरला. नकली गिटार बनवणारे नेमके याच मॉडेलच्या मागे का असतात, याचे उत्तरही यातच आहे. चीनमधून येणाऱ्या या नकलांना वाजवणाऱ्यांच्या वर्तुळात 'चिबसन' म्हणतात.

जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका संकेतस्थळावर ही जाहिरात होती. विकणारा ठाण्यातला, पंचविशीतला, बोलायला अत्यंत अदबशीर. मामा अमेरिकेत असतात, त्यांनी ही गिटार भेट दिली, आता शिकायला कॅनडाला जायचे असल्यामुळे ती नाइलाजाने काढतो आहे, असे त्याने सांगितले. बिलाविषयी विचारल्यावर तो म्हणाला, "सर, मामाने दिलेल्या वस्तूचे बिल कोण मागतो?" या प्रश्नाला मला उत्तर सुचले नाही, आणि बहुधा तो प्रश्न त्यासाठीच तयार ठेवलेला होता. पाच हजार रुपये टोकन म्हणून यूपीआयने घेतल्यावर उरलेले पैसे मात्र त्याला रोखच हवे होते. खात्यात अचानक मोठी रक्कम दिसली तर व्हिसाच्या कागदपत्रांत अडचण येते, हे त्याचे कारण. ते ऐकायला पटते, पण त्याचा परिणाम असा होतो की ८५ हजारांच्या व्यवहाराचा पुरावा पाच हजारांपुरताच उरतो.

गिटार हार्ड केसमध्ये होती, केसवर कंपनीचे नाव होते, आत माहितीपुस्तिका होती. केस आणि पुस्तिका या वस्तू वेगळ्या विकत मिळतात, त्यामुळे त्यांनी काहीच सिद्ध होत नाही. गिटार वाजवून दाखवण्यासाठी त्याने एक छोटा ॲम्प आधीच जोडून ठेवला होता, तोही भरपूर डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम, लावून. इतक्या डिस्टॉर्शनमध्ये कोणताही बरा हंबकर बरा वाजतो. पिकअपचा खरा स्वभाव कळतो तो क्लीन आवाजात, व्हॉल्यूमची कळ थोडी उतरवून. हेडस्टॉकवरचे (गिटारच्या शेंड्यावरचे) ट्रस रॉडचे, म्हणजे नेकच्या आत तिचा बाक सावरणाऱ्या सळीचे, कव्हर उघडून पाहू का, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे, सर. तुम्ही नाही घेतलीत तर उघडलेली गिटार त्यांना कशी दाखवू?" स्क्रूड्रायव्हरला नकार देणारा विक्रेता नेमके काय लपवतो, हे मला गिटार घेऊन पुण्यात आल्यावर एका लूथियरकडे, म्हणजे गिटार बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, कळले. मी तिथे फक्त सेटअप, म्हणजे वाजवण्याआधीची बारीक जुळवणी, करून घ्यायला गेलो होतो.

त्यांनी गिटार हातात घेतली आणि काहीही न उघडताच विचारले, "साहेब, ही घेतली कुठून?" ट्रस रॉडच्या घंटेच्या आकाराच्या कव्हरला गिब्सन दोन स्क्रू लावते, माझ्या गिटारच्या कव्हरला तीन होते. कव्हर काढल्यावर उरलीसुरली शंकाही गेली. गिब्सनच्या ट्रस रॉडच्या टोकाला बाहेरून पाना बसणारा षट्कोनी पितळी नट असतो, आणि इथे ॲलन की आत घालून फिरवायचे भोक होते. नकल करणारे हेडस्टॉकवरचे नाव मनापासून जडवतात, पण कव्हरखाली दडणाऱ्या नटवर खर्च करणे त्यांना परवडत नसावे. एकूण पाहता, जे समोरून दिसते तेच घडवायला सोपे असते, आणि आपण पैसे मोजतो तेही त्याचेच.

पुढची पाहणी अधिक शिकवणारी होती. लेस पॉलची नेक सहसा महॉगनीच्या एकाच तुकड्यातून कोरलेली असते आणि तिचे हेडस्टॉक सुमारे १७ अंशांनी मागे कललेले असते. म्हणून ही गिटार पडली की तिथेच मोडते. माझ्या गिटारला हेडस्टॉकच्या खाली तिरपा जोड होता, आणि रंगाखालून त्याची रेषा उजेडात स्पष्ट दिसत होती. गंमत म्हणजे असा जोड एरवी अधिक मजबूत मानला जातो आणि अनेक प्रामाणिक कंपन्या तो उघडपणे वापरतात, तेव्हा दोष जोडाचा नव्हे, त्यावर लिहिलेल्या नावाचा होता. फिंगरबोर्ड (बोटे दाबतो ती पट्टी) शिसवीचा म्हणून सांगितला होता. तेलाचे फडके फिरवल्यावर ते काळे झाले आणि खालचे लाकूड फिकट निघाले. पिकअपची चौकट काढली, तर आतल्या खोबणीच्या कडेला महॉगनीवर बसवलेला मेपलचा जाड थर दिसायला हवा होता. तिथे एकाच प्रकारचे अनोळखी लाकूड होते, आणि वरची ती सुंदर, लाटांची मेपल म्हणजे कागदासारखे पातळ व्हिनिअर होते. मागचे झाकण उघडल्यावर आत दिसलेले पोटेन्शिओमीटर, म्हणजे आवाजाच्या कळांखालचे भाग, अगदी लहान आणि स्वस्त होते.

गिटारवरच्या सीरियल क्रमांकाची गोष्ट मात्र सविस्तर सांगितली पाहिजे, कारण चांगले चांगले लोक तिथेच निर्धास्त होतात. २००५ च्या मध्यानंतर अनेक वर्षे गिब्सनच्या नेहमीच्या गिटारींवर नऊ आकडी क्रमांक असे, ज्यात पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष सांगतात आणि दुसरा ते चौथा हे तीन आकडे त्या वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. विकणाऱ्याने मला हेडस्टॉकच्या मागचा क्रमांक न मागताच पाठवला होता. मी तो उलगडून पाहिला, तर २०११ मधला एक दिवस निघाला आणि सगळे जुळले. जुळणारच होते, कारण नकल करणारे एखाद्या खऱ्या गिटारचा क्रमांक उचलतात आणि तोच अनेक गिटारींवर उमटवतात. तोच क्रमांक नंतर मला इंटरनेटवर निराळ्याच रंगाच्या दोन गिटारींच्या छायाचित्रांत दिसला. चुकीचा क्रमांक नकल उघडी पाडू शकतो, पण बरोबर क्रमांक असली असल्याची खात्री देत नाही.

फेंडर या दुसऱ्या मोठ्या गिटार कंपनीच्या बाबतीत खेळ थोडा वेगळा असतो. तिथे पूर्ण नकल करण्यापेक्षा फेंडरच्याच स्वस्त स्क्वायर मालिकेतल्या गिटारवरचे नाव घासून काढतात आणि त्या जागी फेंडरचे डेकल चिकटवतात. नेक बॉडीला स्क्रूंनी जोडलेली असल्यामुळे ती उघडून आतल्या खुणा पाहता येतात.

फोन करून जाब विचारला, तेव्हा विकणाऱ्याने शांतपणे सांगितले की जाहिरातीत 'ओरिजिनल' हा शब्द त्याने कुठेच लिहिलेला नाही. ते खरे होते. तो शब्द त्याने फक्त तोंडी वापरला होता. कायद्याने मात्र ही पळवाट पुरेशी नाही. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येते, आणि ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ मधल्या कलम १०३ व १०४ नुसार खोटे व्यापारचिन्ह लावणे आणि असा माल विकणे यांसाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे आणि तिथे जितक्या लवकर कळवावे तितके बरे, पण रोख दिलेल्या ८० हजारांना त्याचा उपयोग नव्हता. पोलिसांकडे मी जाहिरातीची छायाचित्रे, संदेश, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि लूथियरचे लेखी मत दिले आहे. "तशीच पुढे कोणाला तरी विकून टाक, निदान अर्धे पैसे तरी सुटतील," असा सल्ला देणारेही भेटले. तसे केले तर वरची कलमे मलाच लागू होतील.

८५ हजारांत काय मिळाले असते, हाही हिशेब मांडायला हवा. १९५७ पासून गिब्सनच्याच मालकीच्या असलेल्या एपिफोनची लेस पॉल चीनमध्येच, पण कंपनीच्या स्वतःच्या देखरेखीखाली बनते, आणि ती नवी, बिलासकट या रकमेत बसते. वर एखादा बरा ॲम्प घेता येतो. यामाहाची पॅसिफिका तर याच्या निम्म्याहून कमी किमतीत येते आणि हातात घेतल्यावर तिच्यात खोट काढणे अवघड जाते. आणि खरी गिब्सनच हवी असेल, तर वापरलेली घेताना लूथियरला सोबत न्यावे; त्याच्या फीचा आकडा मी गमावलेल्या रकमेपुढे नगण्य आहे.

विकणाऱ्याचा फोन आता लागत नाही, जाहिरातही काढलेली आहे. त्याच्याकडे ही एकच गिटार होती असे मला वाटत नाही. ठाणे-मुंबई-पुणे भागात अमेरिकेतल्या मामाची सनबर्स्ट (मध्ये उजळ, कडेला गडद) रंगाची लेस पॉल कोणी देऊ केली, तर टोकन देण्याआधी त्या कव्हरचे स्क्रू मोजावेत, आणि उघडू दिले नाही तर तिथूनच परतावे.